आत्याबाईच्या मिशा

मित्रांनो, मी एक जुनी मासोळी आहे. बाटलीतली. बाकी काही सांगायच्या आधी एक गोष्ट बजावून ठेवते: मी पिल्लू नाही. पुढे कंटाळा आला आणि उठून गेलात तरी चालेल, पण एवढं ऐकून जा.

लांबीला मी तुमच्या करंगळीएवढी. रंगाचं विचारू नका. जिवंत होते तेव्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ होती आणि तिच्या वर सोनेरी झाक. स्पिरिटमध्ये सोनं टिकत नाही, त्यामुळे आता मी पिवळट पडले आहे. रेघ मात्र अजून जागेवर आहे, आणि जीभही.

माझं गाव म्हणजे एक ओढा. टेकडीवरून उतरणारा, गुडघाभर पाण्याचा, तळाला गुळगुळीत गोटे. खाली तो नदीला मिळतो आणि त्या नदीत एक हातभर लांबीचा मासा राहतो. पुस्तकात त्याचं नाव भलं मोठं आहे. आम्ही त्याला रुंदतोंड्या म्हणायचो. त्याचं आणि आमचं कधी जमलं नाही, आम्ही एकमेकांना पाण्यातच पाहायचो. त्याची पिल्लं लहानपणी थोडी आमच्यासारखी दिसतात. तीच रेघ, तोच आकार. सगळा घोळ इथून सुरू होतो.

आता फरक सांगते, नीट ऐका. रुंदतोंड्याला मिशा नसतात, लहानपणीही नाहीत आणि म्हातारपणीही नाहीत. आम्हाला असतात. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक, दाढीच्या खुंटाएवढी. आमच्यात बायकांनाही मिशा असतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. गढूळ पाण्यात गोट्याखाली खायला काय आहे, ते आम्ही मिशांनी चाचपूनच ओळखतो. तुम्ही अंधारात भिंतीवरचं बटण हाताने शोधता, तसंच हे.

मला पकडलं एका शिक्षकांनी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जाळी घेऊन ओढ्यात उतरायचे, म्हणून सगळे त्यांना जाळीवाले सर म्हणत. मी सहजासहजी हाती लागले असं समजू नका. जाळीखालून निसटले, गोट्यामागे दडले, प्रवाहाच्या उलट पळाले, पुन्हा निसटले. सर कंबरेपर्यंत भिजले. शेवटी मी बादलीत पडले तेव्हा ते माझ्याहून जास्त धापा टाकत होते.

काठावरच्या खडकावर त्यांची बायको बादली सांभाळत बसली होती. पाय पाण्यात, पदर डोक्यावर, आणि चेहऱ्यावर सुट्टी वाया गेल्याचा राग.

"अहो, केवढंसं पिल्लू आहे ते. सोडा त्याला आणि घरी चला, ऊन चढतंय."

"पिल्लू नाही गं. मिशा बघ त्याच्या."

बाई बादलीत वाकल्या. "आणि पोट केवढं आलंय. ही मादी आहे की काय?"

"मादीच असणार."

"म्हणजे आत्याबाईला मिशा," बाई म्हणाल्या. "आता हिला काका म्हणणार का तुम्ही?"

सर इतके हसले की त्यांचा चष्मा पाण्यात पडला आणि तो शोधण्यात आणखी वेळ गेला. त्या दिवसापासून माझं घरगुती नाव आत्याबाई पडलं.

बादलीतून मी बाटलीत कशी आले ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात. त्यासाठी मी सरांना माफ केलं का? नाही केलं. मला घरी जायचं होतं, पोटात अंडी होती. पण त्याच माणसाने मला नाव दिलं, हेही खोटं नाही.

नावाचं थोडं समजून घ्या. पुस्तकात आमच्या नावाला दोन शब्द असतात. पहिला घराण्याचा, तुमच्या आडनावासारखा. दुसरा आपल्या एकट्या जातीचा. सरांनी जुन्या, आता कुणी बोलत नाही अशा भाषेतून माझ्यासाठी दुसरा शब्द शोधला. त्याचा अर्थ हट्टी. कंबरभर भिजवल्याची आठवण ठेवली त्यांनी.

नवी जात जगापुढे मांडायची तर तिच्यातल्या एकीला पुढे करावं लागतं. तिच्या बाटलीला लाल चिठ्ठी लावतात. पुढे कधी कुणाला शंका आली, की त्याने त्या बाटलीकडे यायचं आणि तिलाच विचारायचं. अशा मासोळीला कापायचं नसतं, तसा नियमच आहे. लाल चिठ्ठी मला मिळाली. तेव्हापासून मी माझ्या अख्ख्या जातीच्या वतीने इथे बसले आहे. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. उन्हाने रंग उडू नयेत म्हणून खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासलेला. लोखंडी मांडण्या, त्यांवर बाटल्याच बाटल्या, आणि जिन्यातच नाकात शिरणारा स्पिरिटचा वास. मी पुढच्या रांगेत होते. दुरून माणसं मला बघायला यायची, भिंग लावून माझे खवले मोजायची, मुली माझं चित्र काढायच्या. स्पिरिट उडून कमी झालं की शिपाईमामा नरसाळं घेऊन यायचे आणि म्हणायचे, "घ्या आत्याबाई, घोटभर." जाळीवाले सरही अधूनमधून यायचे. माझ्यासमोर उभे राहायचे आणि कौतुकाने बघायचे. पुढे त्याच ओढ्यातून पकडलेल्या माझ्या बहिणी शेजारच्या बाटलीत होत्या. त्या बाटलीचं झाकण तडकलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्या सुकून काड्या झाल्या. उरले मी एकटी.

मग संग्रहालयाचे प्रमुख म्हणून मोठे सर आले. खुर्ची मोठी, आवाज मोठा, आणि लिहायला घेतलेलं पुस्तक तर सगळ्यांत मोठं. आसपासच्या सगळ्या नद्यांमधले सगळे मासे त्यांना एका पुस्तकात बसवायचे होते. जो तो उठतो आणि नवी जात काढतो, असं त्यांचं मत होतं. खरं सांगायचं तर पुष्कळदा ते बरोबरही असायचं. त्यांनी कित्येक खोटी नावं पुसली. त्यांची पुसायची सवय माझ्यापर्यंत आली, एवढीच माझी तक्रार आहे.

माझ्या बाटलीचं तोंड अरुंद होतं आणि मला डोकं वर करून ठेवलेलं होतं. मोठ्या सरांच्या खिशात एक चपट्या टोकाचा चिमटा असायचा, फार लाडका. तो त्यांनी आत घातला, माझे ओठ मिशांसकट त्यात धरले आणि ओढलं. मी बाटलीच्या गळ्याशी अडकले. त्यांनी आणखी ओढलं. तट तट करून माझ्या दोन्ही मिशा तुटल्या. तो आवाज फक्त मलाच ऐकू आला.

मग मला ताटलीत ठेवून, वर दिवा ओढून, भिंग लावून त्यांनी माझं तोंड अगदी बारकाईने तपासलं. आणि लिहिलं: मिशा नाहीत.

मित्रांनो, ज्याने उपटल्या त्यानेच लिहिलं, की नाहीत. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्यात जीव नव्हता, नाहीतर चावले असते.

मिशा नाहीत, अंग लहान, काळी रेघ. म्हणजे रुंदतोंड्याचं पिल्लू. झालं, माझं नाव पुसलं गेलं. मोठा मासा लहान माशाला गिळतो हे मला कुणी शिकवायला नको, आमचे कितीतरी जण रुंदतोंड्याने गिळले. पण तो भूक लागली म्हणून गिळायचा. कागदावर गिळायचं कारण मला अजून कळलेलं नाही. लाल चिठ्ठी नियमाप्रमाणे बाटलीवर राहिली, पण मला मागच्या रांगेत ढकललं. पुस्तक छापून आलं, सगळीकडे गेलं, आणि त्यात जे असेल ते खरं असं ठरून गेलं.

जाळीवाले सर तोवर निवृत्त झाले होते. ऐकलं तसे आले. जिना चढून दमले होते, तरी बसले नाहीत.

"मी या डोळ्यांनी मिशा बघितल्यात," ते म्हणाले.

"सर, मला आदरच आहे तुमच्याबद्दल," मोठे सर म्हणाले. "दाखवा, मी आत्ता दुरुस्त करतो."

मला बाहेर काढलं. जाळीवाल्या सरांनी भिंगातून पाहिलं. एका बाजूने पाहिलं, मला उलटं करून दुसऱ्या बाजूने पाहिलं, भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

"गेल्या कुठे गं तुझ्या मिशा?" त्यांनी हळूच विचारलं. कुणाला नाही, मला.

उत्तर माझ्यापाशी होतं. ते सरांच्या शेजारीच खिशात चिमटा घालून उभं होतं. पण मासोळीचं बोलणं कोण ऐकतं?

"सर, मनाला लावून घेऊ नका," मोठे सर म्हणाले. "आत्याबाईला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटलं असतं."

खोलीतले सगळे हसले. माझं घरगुती नाव सगळ्यांनाच ठाऊक होतं ना. जाळीवाले सरही हसले, बारीकसं, दुसऱ्याच्या घरी चहा सांडल्यावर माणूस हसतो तसं. मग कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्याच घरची थट्टा त्यांच्यावर उलटवली गेली, याचा मला माझ्या मिशांपेक्षा जास्त राग आला आणि तो अजून आहे.

पुढची वर्षं मागच्या रांगेत गेली. बाटलीवर धूळ, समोर एका बेडकाची पाठ. शिपाईमामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी त्यांचा जावई आला. तोही मामाच. जाळीवाले सर गेल्याचं मला असंच कुणाच्यातरी बोलण्यातून कळलं. मी रडले नाही. स्पिरिटमध्ये रडलेलं दिसतही नाही.

मग खोलीचं काम ताईंकडे आलं. ताई मोठ्या सरांच्याच विद्यार्थिनी. सडपातळ, केस वर बांधलेले, सासू आणि मुलगा दोघांचे फोन एकाच स्वरात घेणाऱ्या. "हो, खाल्लं. हो, उशीर होईल. नाही, विसरले नाही." मोठे सर आता म्हातारे झाले होते, खुर्ची सुटली होती, तरी रोज येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. अजूनही माशांच्या बाबतीत त्यांचंच पुस्तक शेवटचा शब्द होतं.

एके दिवशी ताई ओल्या चपलांनीच आत आल्या. हातात एक डबा, त्यात पाणी, आणि पाण्यात माझ्या ओढ्यातले मासे. माझी नातवंडं, पणतवंडं, काय असतील ती. जिवंत, मिशांसकट. इतक्या वर्षांनी घरचं माणूस दिसल्यावर काय होतं, ते ज्याचं त्याला कळतं.

"सर, त्या ओढ्याला सिमेंटच्या नळात घालतायत," ताई म्हणाल्या. "वरून रस्ता जाणार. रस्त्याला मंजुरी देणारी समिती याच महिन्यात ठरवणार आहे. आणि हे मासे बघा. एवढेसे आहेत आणि पोटं अंड्यांनी भरलीत. यांना मिशा आहेत. हे दुसऱ्या कुठल्या ओढ्यात मला मिळाले नाहीत."

मोठ्या सरांनी डब्यात बघितलं. "नवी जात दिसते. छान. लिही."

"नवी जात लिहून मान्य व्हायला दीड-दोन वर्षं जातील. तोवर ओढा नळात गेलेला असेल. समिती म्हणते, पुस्तकात नाव असलेला मासा दाखवा." ताईंनी डबा टेबलावर ठेवला. "नाव होतं, सर. आपण पुसलं."

"आपण?"

"तुम्ही."

मामा नरसाळं घेऊन शेजारच्या मांडणीपाशी उभे होते. ते तिथेच थिजले.

मग मला मागच्या रांगेतून काढलं. बेडकाची पाठ बाजूला झाली. ताईंनी बाटली तिरपी करून मला अलगद ताटलीत घेतलं, दिवा ओढला आणि बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं. "डावीकडे खुंट आहे, सर. तुटलेल्या मिशीचा."

"खरचटलं असेल."

"आणि हे पोट."

"स्पिरिटने फुगतं." मोठे सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "ताई, तू माझी विद्यार्थिनी आहेस म्हणून सांगतो, ओढ्याच्या मायेपोटी डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं. आत्याबाईला मिशा असत्या तर…"

"पोट उघडून बघते," ताई मध्येच म्हणाल्या. "पिल्लाच्या पोटात अंडी नसतात. तुम्ही हो म्हणालात तर उघडता येईल."

"लाल चिठ्ठीच्या माशाला कापायचं नसतं. हे मीच शिकवलंय तुला."

"हो, तुम्हीच."

कापा, मी म्हणत होते. ऐकू कुणाला जाणार, पण मी सगळ्या अंगाने म्हणत होते. नियम माझ्या भल्यासाठी आहे, ठाऊक आहे मला. पण मी इथे अख्ख्या जातीच्या वतीने बसले आहे ती काय नटूनथटून बसायला? डब्यात माझी पणतवंडं पोहतायत, त्यांचा ओढा नळात चाललाय, आणि पुरावा माझ्या पोटात. इतकी वर्षं हे पोट मी सांभाळलं ते कशासाठी? कापा.

"सर, चहा आणू?" मामांनी विचारलं. आणि हो-नाहीची वाट न बघता ते निघालेही.

मोठे सर शेवटी उठले. मनात नव्हतं, पण भिंग समोर असताना न बघणं त्यांना जमायचं नाही. तेवढं श्रेय मी त्यांना देते. त्यांनी डोळा लावला. खुंट पाहिला. मग भिंग जरा सरकवून माझे ओठ पाहिले, आणि तिथेच थांबले.

माझ्या वरच्या ओठावर एक खळगा आहे, खालच्यावर तसाच दुसरा. चपटे, समोरासमोर.

चहा आला, निवला, त्यावर साय धरली. मोठ्या सरांनी खिशातून चिमटा काढला. तोच, लाडका. त्याची टोकं त्यांनी माझ्या ओठांजवळ नेली, टेकवली नाहीत, नुसती जवळ धरली आणि बघितलं. खळगे आणि टोकं, दोन्हींची रुंदी एकच होती. मग चिमटा टेबलावर ठेवला आणि तो लांब सारला.

"नवं पातं घे," ते म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच लहान होता. "आणि तोंडाला चिमटा लावू नकोस. शेपटीकडून धर."

हेच त्या दिवशी सुचलं असतं तर काय बिघडलं असतं? पण असो, निदान सुचलं.

ताईंनी मला शेपटीकडून धरलं आणि पोटावर एक बारीक चीर दिली. मला दुखलं नाही. आतून माझी अंडी दिसली, मोहरीहून बारीक, एकाला एक चिकटलेली, पिवळसर. जशी त्या दिवशी ओढ्यातून घेऊन आले होते तशीच.

ताईंचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या. "सर, आत्याबाईला मिशा होत्या. आणि आत्याबाई पोटुशी होती."

मोठ्या सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "त्यांना सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"जाळीवाल्यांना. ते जिना उतरत होते तेव्हा मी वरून बघत होतो."

"त्यांना आता नाही सांगता येणार," ताई म्हणाल्या. "समितीला येईल."

समितीपुढे मोठे सर स्वतः गेले, काठी टेकत. तिथे काय झालं ते ताईंनी परत येऊन मामांना सांगितलं, म्हणून मला कळलं. रस्त्याच्या इंजिनीअरने विचारलं, "एवढ्याशा माशासाठी आम्ही रस्ता वळवायचा?" मोठे सर म्हणाले, "एवढासा आहे म्हणून मीही नीट बघितलं नाही. चूक माझी आहे, पुस्तकही माझं आहे. नाव परत लिहून घ्या." रस्ता वळला नाही, पण उचलला गेला. आता तो पुलावरून जातो आणि खाली ओढा उघडाच वाहतो. पुलाची सावली पडते तिथे माझी नातवंडं दुपारी जमतात म्हणे.

मी पुन्हा पुढच्या रांगेत आहे. बाटली नवी, तोंड रुंद. मोठे सर अधूनमधून येऊन समोर उभे राहतात, जाळीवाले सर राहायचे तिथेच. त्यांना वाटत असेल, आत्याबाईने झालं गेलं पोटात घालावं. ते जमायचं नाही. माझ्या पोटात जागा नाही, तिथे अंडी आहेत.

या गोष्टींच्या शेवटी मुलांना विनवणी करायची पद्धत आहे, की आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी विनवणी करणार नाही. मी हट्टी आहे, पुस्तकातच लिहिलंय तसं. मी एवढंच सांगते, की मित्रांनो, कुणाला हात लावाल तर जपून लावा, आणि "नाही" असं लिहायच्या आधी ते आपल्याच हाताने तर तुटलं नाही ना, हे बघा. ओढ्यावर गेलात तर पुलाखाली वाका आणि हळू बोला. तिथे करंगळीएवढं कुणी दिसलं तर त्याला पिल्लू म्हणू नका.

आणि म्हणायचंच असेल तर आधी दुसऱ्या मजल्यावर या. पुढच्या रांगेत लाल चिठ्ठी आहे, माझं पोट उघडंच आहे. या आणि बघून घ्या.